दोनशे शहाऐंशी आयती

मी साखरपुड्यात कुराण पढते. आचोळ्यात आमच्यापैकी कुणाकडेही साखरपुडा ठरला की चाच्या-फुफ्या म्हणतात, "परकारांच्या तहसीनला बोलवा, गळा गोड आहे." मी जाते, बायकांच्या बाजूला बसून माईकवर पाच मिनिटं पढते, बिर्याणी खाते आणि घरी येते. बाकी लग्नकार्यांशी माझं फारसं देणंघेणं नाही.

त्या दिवशीही मी नेहमीच्याच आयती पढले. 'अल-बकरह' या सूऱ्यातल्या, म्हणजे कुराणाच्या अध्यायातल्या, मधल्या ओळी. लहानपणी पाठ केलेल्या, आणि त्यांची लय अशी की अख्खा हॉल चिडीचूप होतो. पडद्यापलीकडे, पुरुषांच्या बाजूला, कुणीतरी खोकलं. मग पुन्हा खोकलं. मला राग आला.

सरबताच्या टेबलापाशी तो खोकणारा भेटला. उंच, चष्मा, शर्टाच्या खिशाला खडूचे पांढरे डाग.

"तुम्ही फार सुंदर पढता," तो म्हणाला. "फक्त... एक विचारू?"

"विचारा."

"याच आयती का निवडल्यात?"

"का? काय वाईट आहे त्यांच्यात?"

"वाईट काहीच नाही." त्याने ग्लासातला सब्जा ढवळला. "तलाकच्या आहेत."

मी मनातल्या मनात मोजलं. अकरा साखरपुडे. अकराही जोडपी सुखात नांदत होती, तो भाग वेगळा. पण मला अरबीचं अक्षर न् अक्षर वाचता येतं आणि अर्थ एकाचाही कळत नाही, हे सव्वीस वर्षांत कुणी माझ्या तोंडावर सांगितलं नव्हतं.

"हे कुणाकुणाला सांगणार आहात?"

"तुम्ही माझ्या वर्गाला आलात, तर कुणालाच नाही."

त्याचं नाव सुहेल डोंगरकर. अरबीत एम. ए. ज्या शाळेत दर रविवारी मी खालच्या वर्गात मुलांकडून कुराण पाठ करून घ्यायचे, तिथेच वरच्या मजल्यावर त्याने मोठ्यांसाठी नवा वर्ग काढला होता. आयतीचा मराठीत अर्थ काय, ती पैगंबरांवर कुठे उतरली, कशावरून उतरली, असं सगळं तिथे शिकवायचा. विद्यार्थी तीन: दोन चाच्या आणि एक निवृत्त एसटी ड्रायव्हर. मी चौथी.

मी आयत पढायची, तो फळ्यावर अर्थ लिहायचा. मी पढत असताना तो डोळे मिटून ऐकायचा आणि खडू हातात तसाच राहायचा. वर्ग सुटला की मला काहीतरी विचारून थांबवायचा, शाळेबाहेरच्या टपरीवर चहा पाजायचा. माझ्या कपात मलई आली तर न बोलता स्वतःचा कप माझ्यासमोर सरकवायचा. मला मलई आवडत नाही, हे मी त्याला कधी सांगितलं होतं, मला आठवत नाही.

डिसेंबरात कतारचं स्थळ आलं. मुलगा इंजिनिअर, फोटोत बरा. रविवारी संध्याकाळपर्यंत हो की नाही ते सांग, अब्बा म्हणाले. नाही म्हणायला माझ्याकडे कारण नव्हतं. म्हणजे होतं, पण ते वरच्या मजल्यावर शिकवत होतं आणि तोंड उघडत नव्हतं.

त्या रविवारी वर्गाआधी जिन्यात मी त्याला सांगितलं.

"चांगलं... स्थळ आहे," तो म्हणाला.

"हं."

"कतार लांब आहे."

"विमान जातं."

त्याने चष्मा पुसला आणि वर्गात गेला. नेमक्या त्याच दिवशी माझ्या साखरपुड्यांच्या आयती आल्या. मदिनेत एक माणूस बायकोला म्हणाला होता, तुला नांदवणारही नाही आणि सोडणारही नाही. तलाक द्यायचा, मुदत संपत आली की परत घ्यायचं, पुन्हा तेच. तिने पैगंबरांकडे गाऱ्हाणं नेलं आणि आयत उतरली. सुहेलने फळ्यावर लिहिलं: ठेवायचं तर चांगुलपणाने, सोडायचं तर तेही चांगुलपणाने.

सगळे गेले. मी बाकावरच बसून राहिले.

"त्या माणसात आणि तुमच्यात फरक काय?" मी विचारलं.

"मी... काय केलं?"

"काहीच केलं नाहीत. रविवारमागून रविवार मला थांबवून घेता. ना बोलता, ना जाऊ देता. मला आज अब्बांना उत्तर द्यायचंय." मला रडू येत होतं आणि त्याचाही राग येत होता.

त्याने हातातलं डस्टर टेबलावर ठेवलं. "तहसीन, मी तासांवर शिकवतो. भाड्याच्या खोलीत राहतो. निकाहात नवऱ्याने मेहेर द्यायचा असतो. तुमच्या अब्बांपुढे मी काय ठेवू?"

"गेल्याच महिन्यात तुम्ही शिकवलंत. पैगंबरांकडे एक माणूस आला होता, ज्याच्याकडे लोखंडाची अंगठीसुद्धा नव्हती..."

"त्याला पाठ होते ते सूरे त्याने बायकोला शिकवायचे, तोच मेहेर." तो म्हणाला. "पण तुम्हाला तर पाठच आहे सगळं."

"अर्थ कुठे येतो?"

"अख्खी अल-बकरह? दोनशे शहाऐंशी आयती आहेत."

"आठवड्याला दोन."

"पावणेतीन वर्षं लागतील."

"तुम्हाला घाई आहे?"

"नाही," तो म्हणाला. आणि मग पहिल्यांदाच, "तुला सोडायचंच नाहीये मला."

अब्बांना मी त्याच संध्याकाळी सांगितलं. आठवडाभर घरात कुणी कुणाशी बोललं नाही. पुढच्या रविवारी ते सुहेलच्या वर्गात जाऊन मागच्या बाकावर तासभर बसले. घरी आल्यावर अम्मीला म्हणाले, "मुलगा शिकवतो चांगलं. हिला फार तर कंटाळा आणेल."

आमच्या साखरपुड्यात चाचीने माईक माझ्याच हातात दिला. नवरी झालीस म्हणून गळा काय बदलला, म्हणाली. मी त्याच आयती घेतल्या. हॉल चिडीचूप झाला. पडद्यापलीकडे कुणी खोकलं नाही.

ठेवायचं तर चांगुलपणाने... त्या जागी माझा आवाज अडला. अकरा साखरपुड्यांत तिथे तो कधी अडला नव्हता.

पढणारा अडला की ऐकणाऱ्याने पुढचा शब्द सांगायचा, अशी आमच्यात रीत आहे. पडद्यापलीकडून, अगदी हळू, सुहेलने पुढचा शब्द सांगितला.