पाणी घालतानाची चाल

ऑर्किड उपाशी मरत नाही, लाडाने मरतं, असं माझी ताई म्हणायची.

तिच्या झोपायच्या खोलीतल्या खिडकीत पारदर्शक प्लॅस्टिकच्या कुंड्या ओळीने मांडलेल्या असायच्या. आत माती नाही, नुसते झाडाच्या सालीचे तुकडे, आणि त्यांच्यातून वेटोळी घालत गेलेली बोटाएवढी जाड मुळं. काही मुळं तर कुंडी सोडून बाहेर हवेतच लोंबायची. "मुळांकडे बघ गं छोटे," ती मला सांगायची, "रुपेरी दिसली की तहान लागलीय. हिरवी झाली की पोट भरलं. माणसांचंही असं बाहेरून दिसलं असतं तर किती भांडणं वाचली असती!" मग ती एकेक कुंडी बादलीत बुडवायची आणि झाडाचं पिऊन होईपर्यंत शेजारी बसून गुणगुणायची. चाल एकच. लहानपणी आईच्या मांडीवर बसून ऐकलेल्या कुठल्याशा भजनाची. शब्द दोघींनाही आठवत नव्हते, पण ती चाल कानावर आली की आमच्या घरात सगळ्यांना कळायचं, ताई पाणी घालतेय.

आणखी एक नियम होता तिचा. फुलांचा दांडा फुटला की कुंडी फिरवायची नाही. कळ्या उजेडाकडे तोंड करून बसतात, मध्येच फिरवलं की त्यांच्या माना मुरगळतात.

मी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते. देव मानते, मनापासून मानते. भुतंखेतं मानत नाही. यंत्राने दाखवलेला आकडा पटला नाही तर नमुना पुन्हा लावते, एवढंच मला कळतं.

मागच्या वर्षी ताईला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय गेला आणि वाचाही गेली. गुणगुणणं तेवढं राहिलं. डॉक्टर म्हणाले, असं होतं, बोलणं आणि गाणं मेंदूत एका घरात राहत नाहीत. त्यांनी निघताना बजावलं होतं, जे काही ठेवाल ते हिच्या डाव्या बाजूला ठेवा. मी स्वतः पलंगाच्या डावीकडे छोटं टेबल लावून दिलं होतं. पुढे मी भेटायला जायची तेव्हा ते टेबल उजवीकडे, खिडकीजवळ सरकवलेलं असायचं आणि डावीकडे माझ्यासाठी खुर्ची. "तुला बसायला जागा नको का?" भावजी म्हणायचे. मला त्यांचं कौतुकच वाटायचं.

ताई गेली त्या दिवशी शेजारच्या काकू माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "देवमाणूस आहे हो तुमचा भावजी. मी कधीही डोकावले तरी उशाशी पाण्याचा ग्लास काठोकाठ. आणि तीसुद्धा मजेत होती बरं का. भिंतीपलीकडून ऐकू यायचं, दिवसभर आपली गुणगुणत असायची."

मला तेव्हा बरं वाटलं होतं. शेवटच्या दिवसांतलं तिचं रक्त मीच यंत्रावर लावलं होतं. सोडियम फार चढलेलं होतं, शरीरात पाणी नसलं की चढतं तसं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं होतं असं, म्हणाले सगळे. मीही म्हणाले.

काही महिन्यांनी भावजींचा फोन आला. "तुझ्या ताईची ही कुंड्यांतली पोरंबाळं घेऊन जा बाई. मला नकोत."

मी गेले. खोली तशीच होती. ताईचा पलंग, खालचा जाड गालिचा, खिडकीतल्या कुंड्या. भावजी कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत बसले होते आणि त्यांच्या मांडीवर पाण्याची बाटली होती. ओठांना भेगा पडलेल्या. गाल आत गेलेले.

मी कुंड्या पाहिल्या. मुळं हिरवीगार होती, टरारून फुगलेली.

"पाणी कधी घातलंत?"

"पाणी?" ते हसले. "ती गेल्यापासून थेंब नाही. म्हटलं वाळतील आपोआप."

मी सालीत बोट घातलं. तुकडे खडखडीत कोरडे. बोटाला नुसती धूळ लागली.

भावजींनी बाटली तोंडाला लावली आणि एका दमात संपवली. मी कडेच्या कुंडीकडे बघत होते. तिचं एकच मूळ रुपेरी राहिलं होतं. भावजींच्या घशाची घाटी खालीवर होत होती, आणि ते मूळ टोकापासून वर हिरवं होत गेलं. सावकाश. तापमापकातला पारा चढतो तसं.

"घसा नुसता कोरडा," ते बाटली ठेवत म्हणाले. "कितीही प्यायलं तरी."

सगळ्या कुंड्यांना दांडे फुटले होते. कळ्या खिडकीकडे पाठ करून, खोलीच्या आत, आरामखुर्चीकडे वळलेल्या.

"कुंड्या फिरवल्यात का?"

"मी हात लावत नाही त्यांना. खुर्ची हलवून पाहिली एकदा." त्यांनी बाटलीचं झाकण उगाच लावलं, काढलं. "तू घेऊन जा गं छोटे. आजच ने."

माझ्याकडे गाडी नव्हती. रविवारी येते म्हटलं. रविवारच्या आधीच ते स्वयंपाकघरात पडले, आणि हॉस्पिटलमधून त्यांचं रक्त आमच्याच लॅबला आलं. मी आकडा पाहिला. नमुना पुन्हा लावला. पुन्हा तोच. ताईचा होता तोच. "हा माणूस दिवसभर पाणी पितो?" आमचे साहेब म्हणाले. "शक्यच नाही. नमुन्यांची अदलाबदल झाली असेल, बघ." अदलाबदल झाली नव्हती.

सलाईनवर थोडे सुधारले. कारण सापडलं नाही, म्हणून घरी सोडलं. ते यायच्या आधी मी पलंग झाडायला घेतला. चादर खोचायला टेबल बाजूला ओढलं, तेव्हा गालिच्यात त्याच्या पायांचे चार खळगे दिसले. खोल, जुने. मी पलंगाला वळसा घालून डावीकडे गेले आणि गुडघ्यांवर बसून हात फिरवला. तिथे खळगे नव्हते. खुर्चीचेही नव्हते. गालिचा मऊ, नवा असल्यासारखा.

म्हणजे टेबल माझ्यासाठी सरकवलेलं नव्हतं. ते नेहमीच तिकडे होतं.

मी टेबल परत त्या खळग्यांत सरकवलं आणि पलंगावर पडले. उजवा हात अंगाखाली दाबला आणि डावा लांब केला. टेबलाच्या कडेपाशीसुद्धा तो पोचला नाही. तिथून दिसत मात्र सगळं होतं. टेबल, त्याच्यामागे खिडकी, खिडकीत कुंड्या. ज्यांना ताईदेखत भावजी दर आठवड्याला पाणी घालायचे.

आणि ती गुणगुणत असायची. दिवसभर.

टेबल मी डावीकडे आणून ठेवलं आणि भावजींना आणून निजवलं. सलाईनच्या सुईने त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत सुजला होता, उचलत नव्हता. माणसं गेल्यावर मी विचारलं.

"ग्लास भरलेला असायचा ना भावजी?"

"रोज. काकूंना विचार."

"कुठल्या बाजूला?"

ते छताकडे बघत राहिले. मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, "पाणी दिलं की चादर बदलावी लागायची गं. दिवसातून कितीदा. मी एकटा माणूस."

"ती मागत होती."

"गात होती."

"ती चाल तुम्हाला माहीत होती."



मी देवाचं नाव घेतलं आणि चमच्याने त्यांना पाणी पाजलं. खरंच पाजलं. एक ग्लास, मग दुसरा. प्रत्येक घोटाला मागे खिडकीत हिरवा रंग चढत होता आणि त्यांची जीभ सालीच्या तुकड्यासारखी कोरडी ती कोरडीच. दुपारी त्यांचा आवाज गेला. ओठ हलायचे, शब्द निघायचा नाही.

कळ्या फुटल्या. पांढरी फुलं, सगळी पलंगाकडे तोंड करून.

मग भावजी गुणगुणायला लागले.

तीच चाल. ती वरची जागा ताई जशी घ्यायची, थोडी उशिरा, तशीच.

मी चमचा खाली ठेवला. ग्लास काठोकाठ भरला. टेबल उचललं, पलंगाच्या उजवीकडे नेलं. चारही पाय आपापल्या खळग्यांत नीट बसले.

दारातून काकू डोकावल्या. "बाई गं, काय सेवा करता हो तुम्ही! ग्लास बघा कसा भरलेला." त्यांनी कान दिला. "आणि गुणगुणतायत! बरं वाटतंय वाटतं आता?"

"हो," मी म्हणाले.

भावजींचा डावा हात चादरीवरून सरकत आला, छातीवरून पलीकडे गेला, आणि तिथेच थांबला.

मी आरामखुर्चीत बसून राहिले.

भावजी गेल्यावर खिडकीतली झाडं काकूंनी हौसेने नेली. एक मी आणलं, ताईची आठवण म्हणून. माझ्या खिडकीत भरपूर ऊन येतं. आणल्यापासून त्याला पाणी घालायचं राहूनच गेलं आहे, आणि मुळं हिरवी आहेत. दांडाही फुटला आहे. तो कुठे वळतोय ते मी अजून नीट पाहिलेलं नाही.

आज लॅबमध्ये दुपारच्या आत माझी बाटली पुन्हा रिकामी झाली. भरायला उठले, तर शेजारच्या टेबलावरची मुलगी हसून म्हणाली, "काय हो मॅडम, आज मजेत दिसताय? सकाळपासून नुसतं गुणगुणणं चाललंय तुमचं."