अर्धा कप दूध

घरी चीज करायचं खूळ धाकटीच्या डोक्यात शिरलं ते ताईच्या बाळंतपणानंतर. कॉलेज संपताच ती ताईच्या मदतीला येऊन राहिली होती. दुपारी बाळ झोपलं, घर चिडीचूप झालं की तिला उगाच धास्ती वाटायची. दाराची घंटा वाजली तरी दचकणारी पोर ती. हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून तिने दुधाचं चीज जमवायच्या गोळ्या मागवल्या, छोटासा साचा आणला, मलमलीचं फडकं उकळून वाळवलं.

"मेहुणीबाई, हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण," भाऊजी म्हणाले. "दुकानात मिळतं की आयतं."

"तुम्हाला एक तुकडा देणार नाही, बघाच."

त्या दुपारी दूध मापलं, तर अर्धा कप कमी भरलं. पातेलं गॅसवर, दूध कोमट होत आलेलं. मापाच्या बाबतीत धाकटी भारी भित्री. कृतीत चार लिटर म्हटलं की चार लिटरच. तिने फ्रिज उघडला. समोरच ताईने बाळासाठी काढून ठेवलेल्या अंगावरच्या दुधाची बाटली होती. तिने आतल्या खोलीकडे एकदा पाहिलं आणि बाटली पातेल्यात उपडी केली.

"अगं, बाटली कुठे गेली?" ताईने नंतर विचारलं.

"सांडली गं. हातातून निसटली."

चीज मात्र देखणं उतरलं. पाणी निथळून गेलं आणि साच्यातून पांढरीशुभ्र, जाड चकती निघाली. चारशे दहा ग्रॅम. ती कोठीच्या खोलीतल्या फळीवर ठेवायची, रोज मिठाच्या पाण्याने पुसायची, उलटायची, वजन करायचं. आतलं पाणी सुकत जातं तसतसं चीज हलकं होतं, असं तिने वाचलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते चारशे चाळीस भरलं.

तिसऱ्या दिवशी चारशे ऐंशी. काटा बिघडला असेल, असं तिने स्वतःला समजावलं. पण चकती हाताला कोमट लागत होती. आणि वास... आंबट नाही, खारट नाही. बाळाच्या टाळूला येतो ना, अगदी तसा.

त्याच आठवड्यात गोळू वाळायला लागला. गोळू म्हणजे ताईचं बाळ. दोन महिन्यांचं, गालांवरून हे नाव पडलेलं. दूध पोटभर प्यायचा, झोपायचा, आणि तरी मांडीवरच्या वळ्या सैल पडत चालल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या.

"सापडत काहीच नाही," त्या म्हणाल्या. "पण असंच उतरत राहिलं तर बाळ हाती लागायचं नाही. रोज वजन लिहून ठेवा."

ते काम धाकटीकडे आलं. एका दुपारी तिने बाळाची वही आणि चीजची वही शेजारी शेजारी ठेवली, नि तिची पाचावर धारण बसली. कोठीत जेवढं वाढलं होतं, नेमकं तेवढंच पाळण्यात घटलं होतं. ग्रॅमचाही फरक नाही.

फेकून द्यावं? कापून टाकावं? तिने सुरी घेतली. नुसतं टोक टेकवलं... अगदी हलकेच.

आतल्या खोलीत गोळू किंचाळला.

"अगं बाई, मांडीला हे काय ओरखडलं ह्याच्या?" ताईचा आवाज आला. "धाकटे, कापूस आण लवकर!"

धाकटी दारात जाऊन उभी राहिली. हातात कापूस नव्हताच.

"ताई... ती बाटली सांडली नव्हती गं."

तिने सगळं सांगितलं, दोन्ही वह्यांसकट. ताई चिडेल, नाहीतर वेड्यात काढेल. पण ताई उठली, कोठीत गेली, फडकं बाजूला केलं आणि ती चकती दोन्ही हातांवर घेतली. मानेला आधार द्यावा तसा खालून तळवा लावून.

"उपाशी आहे गं हा," ती पुटपुटली. "इतके दिवस कुणी पाजलंच नाही ह्याला."

"ताई, ठेव ते... ताई, ऐक ना..."

ताईने भिंतीला टेकून बसकण मारली आणि ते छातीशी लावलं. कोठीत बारीक आवाज सुरू झाला. चुटूक... चुटूक...

धाकटी पाळण्याकडे धावली. गोळू एकटाच पडला होता. तोंडात काही नव्हतं. पण ओठ हलत होते, गळ्याखाली घोट उतरत होते, आणि सुकलेल्या गालांवर हळूहळू रंग चढत होता.

आता गोळू छान बाळसं धरतोय. डॉक्टरीणबाई खूश आहेत. "मावशीच्या हाताला गुण आहे हो," असं भाऊजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. ताई मात्र त्याला अंगावर घेत नाही. दिवसातून आठ वेळा कोठीत जाते, आतून कडी लावते. गोळू पाळण्यात पडल्या पडल्या गिळत राहतो. धाकटी विचारत नाही. पोर वाचलं, एवढंच ती मनाशी घोकते.

काल ताई कोठीतून बाहेर आली ती भिंत धरून.

"जरा मलम लाव गं... फार दुखतंय."

धाकटीने डबी उघडली, आणि तिचं बोट हवेतच थबकलं. ताईच्या छातीवर दातांचे वळ होते. वरचे चार, खालचे चार. ताजे.

गोळूला अजून एकही दात आलेला नाही.