तक्रारकाकांचा प्रश्न

"आज गरम पाणी येत नाही म्हणू, की उशी दगडासारखी आहे म्हणू?" बाबांनी आरशासमोर टाय सारखा करत विचारलं.

"उशी मागच्या गुरुवारी झाली," लेक उत्तरपत्रिकांवरून मान वर न करता म्हणाली.

"मग पाणी. पाण्यावरून माणूस मनापासून भांडतो."

गुरुवार म्हणजे बाबांचा कामाचा दिवस. ती कॉलेजात पर्यटन शिकवायची. शेवटच्या वर्षाच्या मुलांना नोकरीसाठी तयार करणं तिच्याकडे होतं, आणि त्यासाठी तिने वर्गातच बाकं जोडून हॉटेलचा काउंटर थाटला होता. वर एक घंटी, मागे किल्ल्यांची फळी. पाहुणा कुठून आणायचा? तर निवृत्त झालेले बाबा पाहुणे झाले, तेही नाकावर राग असलेले. मुलं त्यांना तक्रारकाका म्हणायची. सुटकेस जड व्हावी म्हणून ते तिच्यात जुनी वर्तमानपत्रं कोंबायचे. रिकामी बॅग उचलणाऱ्याचं हसूही पोकळ असतं, असं त्यांचं ठाम मत होतं.

त्या दिवशी काउंटरवर, वर्गाने पुटपुटी नाव ठेवलेली मुलगी उभी होती. पेपरात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण समोर माणूस आला की बिचारीचा आवाज घशातच विरायचा. बाबांनी काउंटरवर थाप मारली आणि गरम पाण्यावरून आकाशपाताळ एक केलं. पुटपुटीचे डोळे भरून आले... आणि तेवढ्यात दार लोटून एक अनोळखी माणूस आत आला. शर्ट चुरगळलेला, खांद्याला बॅग, थेट प्रवासातून आल्यासारखा. त्याने एकदा बाबांकडे पाहिलं, एकदा त्या मुलीकडे, बॅग खाली ठेवली आणि सरळ दोघांच्या मध्ये जाऊन उभा राहिला.

"साहेब, चूक आमची आहे. खोली मी आत्ता बदलून देतो. तोवर चहा घ्याल?"

बाबांचे डोळे लुकलुकले. आयतं चालून आलेलं सावज कोण सोडतो? त्यांनी त्याला पाण्यावरून पंख्यावर नेलं, पंख्यावरून डासांवर. तो आवाज न चढवता, त्यांच्या डोळ्यांत बघत उत्तरं देत राहिला. शेवटी मागच्या बाकावर हशा फुटला, तेव्हा तिनेच पुढे होऊन सांगितलं की हा वर्ग आहे आणि हे चिडलेले पाहुणे तिचे वडील आहेत.

त्याचे कान लाल झाले. एका मोठ्या हॉटेलात माणसं निवडून त्यांना शिकवायचं काम त्याच्याकडे होतं. मुलांना हॉटेलात शिकाऊ उमेदवार म्हणून घेण्याबद्दल प्राचार्यांना भेटायला आला होता आणि दार चुकला होता.

"माफ करा... सवयच लागलीय. कुणी चिडलेलं दिसलं की राहवत नाही."

"मग येत जा आमच्याकडे," ती म्हणाली. "इथे रोज कुणीतरी चिडलेलं असतं."

"कोण – तुम्ही?"

"गुरुवार सोडून."

बाबा दोघांकडे आळीपाळीने बघत होते. "याला नापास करू नकोस हं," ते हळूच म्हणाले.

निघताना ते किल्ली काउंटरवर ठेवायचे आणि ठरलेला प्रश्न विचारायचे, "आमच्यावाचून काही अडणार आहे का तुमचं?" पाहुणा परत येतो की नाही ते या उत्तरावर ठरतं, असं ते मुलांना सांगायचे. मुलं आपापल्या परीने गोड बोलायची. मग तोच प्रश्न ते लेकीला विचारायचे. त्या दिवशीही विचारला. ती हॉटेलातून आलेल्या त्या माणसाला प्राचार्यांकडे न्यायच्या गडबडीत होती.

"कुणावाचून कुणाचं अडत नाही, बाबा. उन्हातून चालत जाऊ नका."

ते हसले, सुटकेस उचलली आणि गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चहा ठेवून हाक मारली. पुन्हा मारली. ते झोपेतच गेले होते.

ती कामावर परतली तेव्हा मुलांनी काउंटरवर चादर टाकलेली होती. तिने ती काढली नाही. पुस्तकातून शिकवू लागली. हॉटेलवाला – मुलांनी त्याचं बारसं तसं केलं होतं – भेटायला आला, पण सांत्वनाचं काही बोलला नाही. "त्यांना खोली बदलून द्यायची राहिलीच माझी," एवढंच म्हणाला. ती कितीतरी दिवसांनी हसली, आणि हसता हसता रडली. त्याने पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि खिडकीबाहेर बघत उभा राहिला.

मग उमेदवारीच्या निमित्ताने तो येत राहिला. एकदा आडवळणाने म्हणाला की मुलाखती तोंडावर आल्यात, मुलांना पर्यटनाच्या व्याख्या तोंडपाठ आहेत, पण पुटपुटीसमोर कुणी भांडायला उभं राहिलं नाही तर तिथे तिच्या तोंडून शब्द फुटणार नाही. हवं तर पाहुणा मी होतो, म्हणाला. तिने नाही म्हटलं. त्यानेही ताणून धरलं नाही. पुढच्या गुरुवारी मात्र तो बॅग घेऊन वर्गाबाहेर उभा होता. केसांवर पावसाचे थेंब होते.

"हे काय?"

"आरक्षण नाही माझं. खोली असली तर बघावं म्हटलं... नसली तर थांबतो बाहेर."

 ती आत गेली आणि चादर ओढून काढली. त्यानंतरच्या गुरुवारी बाबांची सुटकेस तिने स्वतः घरून आणली. वर्तमानपत्रं आत तशीच होती.

पाहुणा म्हणून तो अगदीच कुचकामी. तक्रार करण्याआधी स्वतःच माफी मागायचा. पुटपुटीला त्याची इतकी दया यायची की ती त्याला धीर देऊ लागली, आणि धीर देता देता तिचाच आवाज मोकळा झाला.

"तुम्हाला भांडताच येत नाही," एकदा मुलं गेल्यावर बाकं सरकवताना ती त्याला म्हणाली.

"शिकवा ना. तुम्हाला चांगलं येतं म्हणे."

"कोण म्हणालं?"

"तुमचे बाबा. त्या दिवशी मी निघालो तेव्हा फाटकापाशी सावलीत बसले होते. म्हणाले, लेक भांडते, पण ज्याच्याशी भांडते त्याला सोडत नाही."

जागेवर लावलेलं बाक तिने पुन्हा ओढून घेतलं. बाकं मोजकीच होती, पण ती लावायला दोघांना संध्याकाळ व्हायची.

मुलाखतीच्या दिवशी तो मुद्दाम बाहेर बसला. निवड त्याच्या वरिष्ठ बाईंनी केली. पुटपुटी धावतच आली. "मॅडम, त्या बाईंनी नेमकं उशीवरून भांडण काढलं! घेतलं मला!" तिने पुटपुटीला जवळ घेतलं, आणि त्या मुलीच्या खांद्यावरून तिला त्याचा चेहरा दिसला. तो हसत होता, पण पुरता नाही.

वर्ग रिकामा झाल्यावर त्याने सांगितलं. समुद्राकाठी नवं हॉटेल उघडतंय, तिथे त्याला बोलावलंय. होय की नाही ते उद्या कळवायचं आहे.

"चांगली संधी आहे," ती म्हणाली. मुलांना सांगायचं वाक्य होतं ते. जिभेवर तयारच असायचं.

"हो... चांगलीच आहे."

त्याने सुटकेस काउंटरवर ठेवली, शेजारी किल्ली ठेवली. किल्ली फळीला लावायला ती काउंटरच्या मागे गेली. आजवर तिथे मुलंच उभी राहायची, ती नेहमी बाजूला.

"आमच्यावाचून काही –" तो म्हणाला आणि थांबला. इतक्या गुरुवारांत त्याने हा प्रश्न कधीच उच्चारला नव्हता. "जाऊ दे. तो त्यांचा आहे."

"विचारा."

"आमच्यावाचून काही अडणार आहे का तुमचं?"

बाबांना दिलेलं जुनं उत्तर तिच्या ओठांपर्यंत आलं. सकाळी ती अजूनही दोघांचा चहा टाकत होती. अर्धा ओतून देत होती. तिने सुटकेसवर हात ठेवला.

"अडतं." आवाज घशातच विरला, म्हणून ती पुन्हा, मोठ्याने म्हणाली, "बाबा, तुमच्यावाचून अडतं. रोज अडतं."

मग तिने फळीवरची किल्ली काढली आणि त्याच्यापुढे सरकवली.

"तुमच्यावाचूनही अडेल. राहा."