शिवणीतली माया

“टेप ठेव ती खाली! मी माप घेणार नाही.”

शिलाई मशीनवरची नजर न उचलता आई म्हणाली आणि थोरली तशीच उभी राहिली... एका हातात मापाची टेप, दुसऱ्या हातात आपला पांढरा एप्रन. रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली तेव्हापासून तिचा प्रत्येक एप्रन आईनंच शिवला होता.

“उद्या कामावर हजर व्हायचंय, आई. हा बघ, पोत्यासारखा लोंबतोय अंगावर.”

“मग कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे जा. छातीचं एवढं मोठं ऑपरेशन कुणाला न विचारता करून घेतलंस, आता दोन टाके घालायला आई कशाला हवी?”

कुणाला न विचारता! बारा वर्षं ती विचारतच तर आली होती! पहिल्यांदा विचारलं तेव्हा वडील अंथरुणाला खिळले होते. त्यांना उचलून बसवताना तिच्या मानेतून कळ निघे, तरी ती थांबली. ते गेल्यावर पुन्हा विचारलं, तर आई म्हणाली, “आधी धाकटीचं लग्न होऊ दे. ताईनं छाती लहान करून घेतली, असं लोकांच्या तोंडी नको.” धाकटीचं लग्न झालं, तिला मुलगी झाली, आणि थोरली मात्र थांबलेलीच... ब्राच्या पट्ट्यांनी खांद्यांत करंगळी मावेल एवढ्या खाचा पाडल्या. उन्हाळ्यात स्तनांखालची कातडी सोलवटून निघे. सूक्ष्मदर्शकावर वाकायचं तर मेजाच्या कडेला छाती आडवी येई, म्हणून अंग तिरकं करून, मान वाकडी करून ती दिवसाला साठ काचपट्ट्या तपासत असे.

पण त्या कळांहूनही एक गोष्ट तिला जास्त सलत होती. घराच्या पुढच्या खोलीत आईचं शिवणाचं दुकान होतं आणि तिथली रीत अशी, की आईनं माप मोठ्यानं म्हणायचं आणि धाकटीनं वहीत लिहायचं. “खांदा साडेचौदा! कंबर तीस!” अख्ख्या गल्लीला ऐकू जाई. थोरली समोर उभी राहिली, की मात्र छातीच्या मापाशी आईचा आवाज विझत असे. वही ओढून ती स्वतःच आकडा लिही आणि त्यावर पालथा हात ठेवी. थोरली तेरा वर्षांची होती तेव्हापासून! जणू त्या पोरीच्या अंगात काही उच्चारू नये असंच होतं...

ऑपरेशनच्या दिवशी आई दवाखान्यात आली नाही. हात वर जात नव्हते तेव्हा केस विंचरायला धाकटी यायची. “ताई, आता तुझी सावलीसुद्धा हलकी झाली गं!” म्हणायची. दुसऱ्या आठवड्यात आरशासमोर उभी राहून थोरलीनं आपले तांबूस व्रण नीट, सावकाश पाहिले. जहाजाच्या नांगराच्या आकाराचे होते. तिला वाईट वाटलं नाही. हे मी ठरवलं आणि मी सोसलं, असं तिनं स्वतःशीच म्हटलं, आणि तिची मान आपोआप ताठ झाली.

म्हणूनच आजही ती रडली नाही. एप्रन खुर्चीवर ठेवून आतल्या खोलीत गेली आणि पलंगावर पालथी पडली. आठ आठवडे झाले होते, आता हवं तसं झोपा, असं डॉक्टर कालच म्हणाले होते. उशीत गाल रुतला, छातीखाली काही टोचलं नाही, चेपलं नाही... दुपारची झोप कधी लागली, तिला कळलंच नाही.

जाग आली ती खांद्यावरच्या स्पर्शानं. आईचं बोट त्या खाचेतून सावकाश फिरत होतं.

“पालथी झोपलीस...” आई म्हणाली. “लहानपणी अशीच झोपायचीस, एक पाय पलंगाबाहेर. मग एकाएकी सोडलंस. मला वाटलं, पोर शहाणी झाली. दुखायचं म्हणून सोडलंस, होय ना?”

थोरलीनं मान हलवली. आईनं आपल्या खांद्यावरचं कापड सरकवलं. तिथेही तशीच खाच होती, अधिक खोल आणि काळपट पडलेली!

“माझी आई म्हणाली, बाईच्या जन्माला हे असायचंच. तेच मी तुझ्या गळ्यात बांधलं. ते माप उच्चारायची लाज वाटायची मला... ती तुझी नव्हती गं, माझी होती! बारा वर्षं तुला अडवलं, ही चूक कबूल करवेना, म्हणून वर रुसून बसले.”

“मलाही राग होता, आई. अजून आहे थोडा.”

“असू दे. आईवर नाही काढायचा तर कुणावर?” आईनं डोळे पुसले. “ऊठ. सरळ उभी राहा बघू.”

थोरली पलंगावरून उतरली. “सरळच उभी आहे.”

आईनं तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. “अगबाई! तू एवढी उंच होतीस?”

मग टेप तिच्याभोवती फिरली, व्रणांना जपून, अलगद... आणि माहेरी येऊन पुढच्या खोलीत बसलेल्या धाकटीला उद्देशून आई ओरडली,

“छाती छत्तीस! लिही!”

“लिहिलं!” धाकटी हसत सुटली. “गल्लीनंही लिहिलं असेल!”

संध्याकाळपर्यंत आईनं शिवणी उसवून एप्रन आत घेतला. चार-चार बोटं जादा कापड निघालं.

“कापून टाक ते,” थोरली म्हणाली.

“माया कापत नसतात. आत मुडपून ठेवायची. उद्या चार घास जास्त खाल्लेस तर?”

शिवणीत राखलेल्या कापडाला शिंपी माया म्हणतात, हे थोरली जन्मापासून ऐकत आली होती. आज तो शब्द पहिल्यांदाच कानी पडल्यासारखा वाटला.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत शेजारच्या मेजावरच्या बाईंनी विचारलं, “नवा एप्रन वाटतं?”

“जुनाच आहे,” थोरली सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “माप नवं आहे. आईनं घेतलंय!”

गळ्यापर्यंतची बटणं लावलेली होती. तिनं पहिली काचपट्टी ठेवली आणि मेजाची कड कुठे आहे हे न पाहताच ती सूक्ष्मदर्शकावर सरळ वाकली.