काचेवरच्या तसबिरीचा दगा

उत्तर फ्रान्सच्या सपाट रानावर भाद्रपदातली पहाट फुटत होती. तोफांनी सोललेले झाडांचे बुंधे धुक्यातून उभ्या भाल्यांसारखे वर येत होते, आणि खंदकांमागच्या छावणीत मराठ्यांची पलटण जनरलसाहेबांच्या पाहणीसाठी कंबरा कसत होती. सन एकोणीसशे पंधराची ही हकिगत.

हवालदार रायाजी दळवी नव्या भरतीच्या रांगेपाशी आला आणि जागीच थिजला. समोर त्याचा धाकटा भाऊ सुभानजी उभा होता.

"तू इथं? येऊ नकोस म्हणून लिहिलं होतं ना मी?"

"पत्रात 'ये' होतं, दादा. चावडीत वाचलं. संगं तुझी काचेवरची रंगीत तसबीर. उजेडात धरली तर हिरवी बाग, तुझे लालबुंद गाल! आई म्हणाली, पोरगा राजासारखा नांदतोय."

ती बाग इस्पितळाची होती. फ्रेंच तसबीरवाल्यासमोर बसवताना सुभेदार अंबाजी खानविलकरांनीच रायाजीच्या फाटलेल्या मांडीवर शाल पांघरली होती, गालांना रंग लावला होता. आईचे मानलेले भाऊ ते. म्हणूनच सरकारी तपासणी चुकवायला रायाजीने पत्र त्यांच्या हाती सोपवले होते.

तो तडक त्यांच्या राहुटीत शिरला. "मामा, हे तुम्ही केलंत?"

"गावचे गडी भरतीला आणणाऱ्यास सरकार किताब देणार आहे," सुभेदार फेटा बांधत शांतपणे म्हणाले. "तोंड आवर, हवालदार."

जनरलसाहेब आले. रिवाजाप्रमाणे मोडक्या हिंदुस्थानीत त्यांनी पुसले, "सर्व खुशाल?" रायाजी लंगडत एक पाऊल पुढे आला. सलाम करून म्हणाला, "नाही, हुजूर. आमची पत्रं सुभेदार बदलतात. माझा भाऊ फसवून आणलाय. त्याला माघारी धाडा. त्याच्या वाट्याची गोळी मी खाईन."

"जखमेनं याचं डोकं फिरलंय, हुजूर," सुभेदार अदबीने बोलले. "भावालाच विचारावं."

साहेबांची नजर वळताच सुभानजीने चोरून सुभेदारांच्या चेहऱ्याकडे बघितले. "मी... राजीखुशीनं आलो, हुजूर."

रायाजीने त्याच्याकडे फक्त पाहिले. शत्रूच्या संगिनीनेही असा घाव घातला नव्हता.

त्याच दुपारी त्याची हवालदारी उतरली. पुढल्या हल्ल्यात त्याला आघाडीला घातले, आणि तो परतला नाही. सुभानजी एक हात गमावून गावी आला, आणि आईपुढे सारे कबूल करून ढसाढसा रडला.

वर्षाने सुभेदार किताब मिरवीत, वाजतगाजत, बहिणीच्या दारी ओवाळून घ्यायला थांबले. म्हातारी उंबऱ्यावर आली. तिचे हात रिकामे होते.

"कोण हवंय?" तिने विचारले. "माझा भाऊ फ्रान्सात मेला."

आणि तिने दार लावून घेतले.