उघड्यावरचा फासा

पार्लरचं शटर अर्धं खाली होतं, पण आत दिवा होता. केस डोळ्यांत घुसून जीव नकोसा झालेला, म्हणून ती वाकून सरळ आत शिरली. तर मागच्या खोलीतून एका पुरुषाचा शांत आवाज...

"दाजी, तुमचा उजवा हात गेला."

"कोपरापासून का खांद्यापासून?"

"खांद्यापासून."

"बरं. मग डाव्याने जादू करतो."

शहाणी मुलगी इथून पळाली असती. हिने डोकावून बघितलं. टेबलाभोवती पार्लरवाली ताई, तिचा नवरा – दोन्ही हात जागेवर – आणि पुठ्ठ्याच्या आडोशामागे ताईचा धाकटा भाऊ. दिवसा लिफ्ट दुरुस्त करायचा, रविवारी गोष्ट सांगायचा. सगळे त्याला मास्तर म्हणत. खेळ असा, की प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, मास्तर संकटं आणणार, जगायचं की मरायचं ते फासा सांगणार. नियमांचं जाडजूड पुस्तकही होतं.

"बसा हो," ताई म्हणाली. "हा राक्षस आटपला की कापते केस."

राक्षस काही आटपेना. तिने वेळ जायला ते पुस्तक उचललं. जरा वेळाने मान वर न करता म्हणाली, "पण हात तुटायचा नियमच नाहीये यात."

मास्तरने पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. जरा जास्तच नीट.

"पुस्तकात नसलं की मी ठरवतो."

"आणि पुस्तकात असलं की?"

"तरी मीच ठरवतो. फक्त जरा घाबरत."

ती हसली. केस राहिले तसेच.

पुढच्या रविवारी ती आली ती पुस्तक पाठ करून. तिचं काम कवळ्या बनवायचं. केसाएवढा फरक पडला तरी गिऱ्हाईक ओरडत येतं, त्यामुळे 'साधारण' हा शब्द तिला खपायचा नाही. तिने पात्र म्हणून एक चोरटी घेतली, नाव ठेवलं ठिणगी. दाजींनी तिचंही नाव ठेवलं – वकीलबाई.

"ठिणगी पडद्याला लोंबकळून पलीकडे जाते," ती एकदा म्हणाली.

"जा."

"असं कसं जा? पुस्तकात पडद्याबद्दल काही नाही."

"अगं, फायदा देतोय तर तरी भांडतेस?"

"मागितला होता का?"

"नाही. पण... देताना बरं वाटतं."

हे बोलून तो फासे शोधायला लागला. फासे हातातच होते. ताईने दाजींना टेबलाखालून पाय मारला, दाजी नको तेवढ्या जोरात खोकले. असं महिनोन्महिने चाललं. ठिणगी आगीतून वाचली, विहिरीतून वर आली, फाशीच्या दोरातून निसटली. वकीलबाई आठवडाभर कवळ्या घासताना गालात हसायची, की आपली पोरगी काय हुशार आहे!

मग एका रविवारी मागच्या खोलीला रंग लागला, आणि टेबल आलं पुढे, आरशांच्या खोलीत.

दलदलीतला राक्षस ठिणगीवर धावून आला. मास्तरने आडोशामागे वीस बाजूंचा फासा टाकला. आकडा जितका मोठा, तितका घाव जबर. ठिणगीत जीव उरला होता जेमतेम.

"चार," मास्तर म्हणाला. "हुकला बिचारा."

त्याच्या डाव्या हाताला जरासा पुढे झुकलेला आरसा होता. त्यात फासा दिसत होता. उलटा. पण दिवसभर उलटे साचे बघणारीला उलट्या आकड्याचं काय कौतुक?

एकोणीस.

आधी तिला आतून काहीतरी गोड वाटलं, खोटं कशाला सांगा. आणि लगेच टोचलं. लहानपणी दादा बुद्धिबळात मुद्दाम वजीर द्यायचा. कळलं त्या दिवशी तिने पट उचलून माळ्यावर टाकला होता, परत हात लावला नव्हता. आता हे टेबलही सोडावं लागणार? आणि आडोशामागचा तो?

"एकोणीस होते," ती म्हणाली.

ताईने आरशाकडे बघितलं, मग दाजींकडे. दाजी म्हणाले, "माझ्याकडे बघू नकोस, आरसा तुझा."

"किती वेळा केलंस?" तिने मास्तरला विचारलं.

"आगीत... विहिरीत... आणि तो दोर."

"दाजींसाठी कितीदा?"

"त्यांच्यासाठी कशाला?"

"वा," दाजी म्हणाले. "म्हणजे माझा हात खरंच गेला."

मास्तरचे कान लाल झाले. "मास्तरला तेवढा अधिकार असतो. पुस्तकातच आहे. खेळ रंगावा म्हणून..."

"खेळ रंगावा म्हणून केलंस?"

त्याने फासा मुठीत घेतला.

"नाही," तो म्हणाला. "ठिणगी मेली आणि तू यायची बंद झालीस तर... म्हणून."

"मला विचारायचंस."

"विचारल्यावर नाही म्हणाली असतीस तर?"

"मग ते तरी खरं असतं." तिने आडोसा उचलून खाली ठेवला. "आता टाक. सगळ्यांसमोर."

"मरेल ती."

"मरू दे. पण जगली तर तिची ती जगू दे."

त्याने टाकला. फासा घरंगळत दाजींच्या चष्म्याला आपटला आणि थांबला. सतरा.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि गंमत म्हणजे हलकंही वाटलं. "छान मेली," ती म्हणाली आणि पर्स उचलली.

मास्तर धावत जाऊन शटर वर धरून उभा राहिला. बाहेर भुरभुर पाऊस होता.

"पात्र मेलं तर पुस्तक काय म्हणतं?" तिने विचारलं.

"नवीन घेऊन यायचं."

"आणेन. आणि मास्तरने खेळाडूला कॉफीला न्यावं का, त्याबद्दल?"

"त्याबद्दल... काहीच नाही लिहिलेलं." त्याने शटर आणखी वर ढकललं. "मग मी ठर..."

"तू नाही. तुझा काही भरवसा नाही. मी ठरवते." तिने त्याच्या कपाळावर आलेली बट एका बोटाने मागे सारली. "मंगळवारी, माझं काम सुटल्यावर. फासे घरी ठेवून ये."

ती फुटपाथवर उतरली तरी शटर खाली यायचा आवाज काही येईना. दाजींचा तेवढा आला.

"मास्तर, राक्षस ताटकळलाय. मी मरायला बसलोय इथे."

"त्याला म्हणावं, आज सुट्टी."

"राक्षसाला सुट्टी? हे कुठल्या पानावर आहे?"

ती पावसात थांबली, उत्तर ऐकायला.

"नाहीये," मास्तर म्हणाला. "आत्ताच ठरवलं."