तलावातलं पाणी जातं कुठं?

नागपूरच्या देशकरांच्या घरामागे पोहण्याचा छोटा तलाव होता आणि दर उन्हाळ्यात तो बाबांचं डोकं खायचा. पंप दुरुस्त करावा तर गाळणी तुंबायची, गाळणी साफ करावी तर पाणी हिरवं पडायचं. यंदा तर पाणीच नाहीसं होऊ लागलं. आज काठापर्यंत भरावं, तर उद्या ते बोटाच्या जाडीएवढं उतरलेलं!

तलावाच्या तळाशी सरपटत सफाई करणारं 'टिटवी' नावाचं बोलकं यंत्र होतं. टिटवी रोज एकच सांगायची, "पाणी प्रमाणाबाहेर घटलं आहे. गळती असावी."

बाबांनी दोनदा फरश्या फोडल्या, सांधे नव्याने भरून घेतले. गळती काही सापडेना. शेवटी ते वैतागले. "पाणी कुठं जाऊन राहिलं, देव जाणे! आता माती टाकून बुजवतो. शनिवारी ट्रक येईल."

त्यांच्या लेकीने, शाल्मलीने, चटकन आजोबांकडे पाहिलं. आजोबा जलशास्त्रज्ञ (पाण्याचा अभ्यास करणारे) होते. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर त्यांना जमिनीवर आधाराशिवाय पाऊल टाकता येत नसे. पाण्यात मात्र शरीर हलकं व्हायचं आणि ते एकटे चालायचे. आजोबा मांडीवरच्या टॉवेलची घडी घालत राहिले.

शाल्मली विचार करत बसली. पाणी जायला वाटा दोनच. एक फटीतून, दुसरी बाष्पीभवनाची (पाण्याची वाफ होऊन हवेत जाण्याची). चांगल्या बादलीतलं पाणी फटीतून जाणार नाही, फक्त हवेत जाईल. मग बादली आणि तलाव यांची तुलना केली तर?

तिने बादली भरून व्हरांड्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी बादलीतलं पाणी जेमतेम हललं होतं, तलावातलं मात्र चांगलंच उतरलं होतं.

"म्हणजे गळतीच आहे," ती रडवेली होऊन म्हणाली.

आजोबांना आता शब्द जुळवायला वेळ लागे. "बादली... सावलीत होती ना?"

"हो."

"आणि तलाव?"

शाल्मलीने वळून तलावाकडे पाहिलं. तलावावर ऊन तापत होतं, गरम वारा वाहत होता. बादलीच्या वाट्याला यातलं काहीच आलं नव्हतं. दोघांना सारखा दिवस मिळालाच नव्हता!

तिने बादली तलावाच्याच पायरीवर, अर्धी पाण्यात बुडवून ठेवली. आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी एका पातळीवर आणलं. दोन्हीकडे खुणा केल्या. पंप बंद केला, टिटवीला बाहेर काढलं आणि त्या दिवशी कुणालाही पाण्यात उतरू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा स्वतः पट्टी घेऊन वाकले. आधी बादलीत मोजलं, मग बाहेर. पुन्हा मोजलं. दोन्हीकडे घट अगदी सारखी!

"म्हणजे मी फरश्या उगाच फोडल्या?" बाबा पायरीवरच बसले.

"टिटवी, मग तू गळती का म्हणालीस?" शाल्मलीने विचारलं.

"मला समुद्रकाठच्या कारखान्यात शिकवलं," टिटवी म्हणाली. "तिथं पाणी इतकं घटत नाही."

आजोबा हसले. "पाण्याचे कण... सतत हवेत उडतात. दमट हवेत आधीच ओलावा असतो, म्हणून बरेच कण परत फिरतात. आपली हवा कोरडी. गेलेले कण... फारसे परतत नाहीत. त्यात वारा त्यांना लांब नेतो."

"तिचं मोजमाप बरोबर होतं, पण गाव चुकलं," शाल्मली म्हणाली. "वाट अडवली तर? पाण्यावर तरंगणारं आच्छादन घालायचं. पोहताना काढायचं, बाकी वेळ झाकायचं!"

बाबांनी फोन काढला. "हॅलो, शनिवारची माती नको. हो, नकोच." मग ते आजोबांकडे वळले. "बाबा, मी तुम्हाला आधी विचारायला हवं होतं."

आजोबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याच आधाराने ते पाण्यात उतरले. छातीभर पाण्यात पोचल्यावर त्यांनी हात सोडला.

शाल्मली मात्र दूर क्षितिजाकडे पाहत होती. "आजोबा, गावाला पाणी देणारं धरण तर केवढं मोठं! त्यातून रोज किती पाणी उडत असेल? त्यावर तरंगत्या सौरपाट्या (उन्हापासून वीज करणाऱ्या पाट्या) घातल्या तर सावलीही मिळेल आणि वीजही."

"माशांना, पाणवनस्पतींनाही... ऊन लागतं," आजोबा चालता चालता म्हणाले.

"मग किती भाग झाकायचा आणि किती उघडा ठेवायचा, ते शोधावं लागेल," शाल्मली म्हणाली, आणि टिटवीला नागपूरची हवा शिकवायला बसली.